चढावर झटके आणि डॅशवरचा पिवळा दिवा: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात जुन्या पेट्रोल गाड्यांची पत्रं जास्त आली आहेत, आणि बहुतेकांची कहाणी एकाच वळणाची. पिवळा दिवा लागला, स्कॅनर लावला, कोडमध्ये ज्या पार्टचं नाव आलं तो बदलला, आठवड्याभरात दिवा परत हजर. कोड म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, म्हणजे इसीएमने, नोंदवलेली तक्रार. ती कशामुळे झाली ते शोधायचं काम आपलंच असतं. म्हणून पार्ट आणायला जाण्याआधी काय काय तपासता येतं त्यावरच आज जास्त लिहिते. माझं सगळं काम गाड्यांच्या वायरिंगचं, त्यामुळे उत्तरं जरा त्या अंगाला झुकतील.

प्रश्न : ताई, माझी गाडी बारा वर्षांची, चार सिलिंडरची पेट्रोल. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल आहे. माणसं भरून चढ चढताना झटके मारते, तेव्हा चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. सपाटीला आल्यावर नुसता लागून राहतो. कोड पी ०३०३. चारही प्लग नवे टाकले. चार दिवस गाडी मस्त पळाली, पाचव्या दिवशी परत तेच. आता मेकॅनिक म्हणतात चारही कॉइल बदलू, नाही जमलं तर इसीएम बघू. काय करावं?

उत्तर : इसीएमचा विषय तूर्त मिटवून टाका. चार कॉइलही (ठिणगीसाठी व्होल्टेज चढवणारे भाग) लागणार नाहीत. तुमच्या त्या ‘चार दिवस मस्त’मुळे माझा संशय तीन नंबरच्या कॉइलखालच्या रबरी बूटावर, म्हणजे प्लगवर बसणाऱ्या रबरी नळीवर आहे. का, ते सांगते.

आधी लुकलुकणाऱ्या दिव्याचं. नुसता लागलेला पिवळा दिवा म्हणजे सवडीने बघून घ्या. लुकलुकणारा म्हणजे आत्ता, या क्षणी, पेट्रोल न जळता सायलेन्सरकडे चाललंय आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय. तिथलं तापमान हजार अंशांच्या पुढे गेलं की कन्व्हर्टर कायमचा कामातून जायला लागतो. फारच ताणलं तर आतली सिरॅमिकची जाळी वितळून सायलेन्सरची वाटच बुजते. म्हणून दिवा लुकलुकला की अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचला, लुकलुकणं थांबेपर्यंत हळू न्या. चढ आहे म्हणून दाबत राहिलात तर प्लगच्या दुखण्यापायी कन्व्हर्टर बदलायची पाळी येईल.

आता पी ०३०३ म्हणजे काय? तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग, म्हणजे पाळी आली तरी तो पेट घेत नाही. पण सिलिंडरमध्ये डोकावून बघायला इसीएमकडे काहीच नसतं. त्याला दिसतो फक्त क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा (क्रँक) कसा फिरतोय ते सांगणारा. इंजिन आयडलिंगला ८०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) असलं तर चार सिलिंडर मिळून सेकंदाला साधारण २७ वेळा पेट घेतात, आणि प्रत्येक वेळी क्रँकला एक धक्का बसतो. तीन नंबरची पाळी आली आणि धक्का बसला नाही, तर क्रँक तेवढ्यापुरती किंचित रेंगाळते. ते रेंगाळणं मोजून इसीएम म्हणतो, तीन नंबर कामावर नाही. ठिणगी पडली नाही, पेट्रोल आलं नाही की कॉम्प्रेशन गेलंय, हे त्याला यावरून कळत नाही. प्लग बदलून मेकॅनिकने तीनपैकी एका शक्यतेचा एक तुकडा तपासला, इतकंच.

चढाची गोष्ट मात्र फार कामाची आहे. ओझं घेऊन चढताना सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, प्लगच्या टोकाशी दाब वाढतो, आणि त्या दाबात गॅप ओलांडायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल ते द्यायला तयार असते, पण वाटेत बूटाचं रबर तडकलेलं असलं तर ठिणगी गॅपमधून जायचं सोडून सरळ बाजूच्या हेडमध्ये उतरते. आयडलिंगला दाब कमी, तिथे सगळं बिनतक्रार चालतं. उलट गाडी उभ्या जागी थडथडते आणि रेस दिली की सुधारते, असं असेल तर मी इग्निशनकडे नंतर बघते. आधी इनटेकच्या पाइपात आणि पॅकिंगमध्ये हवा शिरतेय का ते शोधते. बॉनेट उघडण्याआधी मी हा एकच प्रश्न विचारते: ओझ्याखाली की उभ्या जागी?

तर करायचं असं. कोड पुसण्याआधी स्कॅनरमधल्या ‘फ्रीझ फ्रेम’चा फोटो काढून ठेवा. कोड नोंदला गेला तेव्हा आरपीएम किती, लोड किती, इंजिन किती तापलेलं होतं हे त्यात असतं, आणि कोड पुसला की तेही जातं. मग इंजिन गार असताना, चावी बंद करून, तीन नंबरची कॉइल एक नंबरवर आणि एकची तीनवर लावा. कोड पुसा. त्याच चढावर जाऊन या. पी ०३०१ आला तर दुखणं कॉइलबरोबर हललं, ती एक कॉइल बदला. पी ०३०३ च राहिला तर कॉइल निर्दोष. आता तीन आणि दोनचे प्लग आपसात बदला. तरी तीनच बोलत असेल तर इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन. या अदलाबदलीला एक पाना सोडून काही लागत नाही.

कॉइल काढाल तेव्हा टॉर्च घेऊन प्लगच्या खड्ड्यात बघा. तळाशी ऑइल साचलं असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा प्लग-ट्यूबचं सील गळतंय. ऑइलमध्ये बुडालेलं रबर फुगून मऊ पडतं, आणि नवी कॉइल टाकलीत तरी काही महिन्यांत तिचीही तीच गत होते. मग प्लग काढून त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर नजर फिरवा. पेन्सिलीने उभी रेघ ओढावी तशी बारीक काळी रेघ दिसली तर ठिणगी तिथून पळत होती. आता बूट उलटा धरून आत बघा. त्याच रेघेची जोडीदार रबरावर जळलेली सापडेल. मेख इथेच आहे. ती रेघ कार्बनची, म्हणजे विजेला आयती वाट. जुन्या बूटात नवा प्लग बसवला की थोड्याच दिवसांत नव्या प्लगवरही तशीच रेघ उमटते. तुमचे चार दिवस तिथे गेले असावेत. रेघ सापडली तर तो प्लग आणि ती कॉइल दोन्ही बदला. काही गाड्यांत नुसता बूट वेगळा मिळतो, आधी तो विचारा.

चिनी माती जिथे लोखंडी अंगात शिरते तिथे तपकिरी कडं दिसलं तर मात्र घाबरू नका. ‘प्लगमधून गॅस लीक होतोय’ म्हणून चांगले प्लग फेकून दिलेले मी बघते. ते कडं उच्च व्होल्टेजमुळे हवेतले ऑइलचे कण चिकटून तयार होतं आणि त्याने काही बिघडत नाही.

प्लग बसवताना आधी हाताने पूर्ण फिरवा. वायसर असलेला नवा प्लग हाताने टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो. निमुळत्या बसणीचा असेल तर एक-षोडशांश फेरा, म्हणजे जेमतेम हलवायचा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये जोर दाखवू नये. बूटाच्या आत तोंडापाशी डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या.

आणि इसीएमच्या शंकेबद्दल: इसीएमकडून कॉइलला हुकूमच जात नसेल, किंवा वायर तुटली असेल, तर सहसा पी ०३५१ ते पी ०३५४ या घरातला कोड येतो. तो तुमच्याकडे नाही.

प्रश्न : गाडी जुनी, पण काळजी घेतलेली. अर्धा-पाऊण तास चालवल्यावर उन्हात अचानक बंद पडते. बंद पडताना बॅटरीचा आणि ऑइलचा असे दोन्ही लाल दिवे लागतात. ऑइलचा स्विच बदलला, अल्टरनेटर उघडून ब्रश बदलले. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पहिल्या सेल्फला सुरू होते. चेक इंजिनचा दिवा कधीच लागला नाही.

उत्तर : ते दोन लाल दिवे गाडी बंद पडल्यामुळे लागले. त्यांच्यामुळे गाडी बंद पडलेली नाही. चावी चालू आणि इंजिन थांबलेलं, अशा वेळी ऑइलचं प्रेशर शून्य आणि अल्टरनेटर फिरत नाही, म्हणजे दोन्ही दिवे लागायलाच हवेत. सकाळी चावी फिरवल्यावर, सेल्फ मारण्याआधी, हेच दोन दिवे दिसतात ना? तेच हे. आधी दिवा आणि मग इंजिन बंद, की आधी इंजिन आणि मग दिवा, हा क्रम पुढच्या वेळी नीट बघा. ऑइलचा लाल दिवा इंजिन चालू असताना लागला तर गोष्ट वेगळी: तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं.

तापल्यावर बंद, गार झाल्यावर सुरू, ही क्रँक सेन्सरची ठरलेली खोड आहे. सेन्सर बसतो फ्लायव्हीलपाशी नाहीतर पुढच्या पुलीपाशी, दोन्हीकडे भरपूर उष्णता. आतली बारीक तार किंवा डाखणी तापून फाकते, सिग्नल तुटतो, आणि क्रँकचा पत्ताच नसल्याने इसीएम ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही बंद करतो. गार झाली की तार परत टेकते. असा बिघाड पी ०३३५ म्हणून नोंदला जायला हवा, पण सिग्नल पूर्ण गेला की बऱ्याच इसीएमना वाटतं इंजिन आपलं आपण थांबलं, आणि कोड पडत नाही. म्हणून ‘स्कॅनरमध्ये काही नाही, गाडी ओके आहे’ हे उत्तर तुम्हाला मिळत असणार.

पकडायचं ते बंद पडलेल्या अवस्थेतच. स्कॅनर गाडीत ठेवा. बंद पडली की लाइव्ह डेटामध्ये आरपीएम उघडा आणि सेल्फ मारा. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्य, तर सेन्सर किंवा त्याची वायर. आकडा दोनशे-अडीचशे दाखवत असेल तर सेन्सर जिवंत आहे. मग चावी चालू केल्यावर मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाचा दोन सेकंदांचा घुर्र आवाज येतो का ते ऐका. तो नसेल तर पंप किंवा त्याचा रिले, कारण रिलेची डाखणीही अशीच तापून सुटते. स्कॅनर नसेल तर सेल्फ मारताना डॅशवरचा आरपीएमचा काटा बघा. बऱ्याच गाड्यांत तो थोडासा उचलतो. अजिबात हलला नाही तर संशय घ्यायला जागा आहे. सेन्सरपर्यंत हात पोचत असेल तर गार पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावर धरा, पट्ट्यात किंवा पंख्यात बोटं जाणार नाहीत हे बघून. दोन मिनिटांत गाडी सुरू झाली तर मला पुरावा पुरेसा वाटतो.

मल्टिमीटरवाल्यांसाठी एक सूचना. दोन वायरींचा चुंबकी सेन्सर असेल तर ओहम मोजता येतात: काही शे ते दीड हजारांच्या आसपास, गाडीगणिक वेगळे. गार असताना आणि तापल्यावर, दोन्ही वेळा मोजा. गार सेन्सरचा आकडा नेहमीच छान येतो. तीन वायरींचा सेन्सर बहुधा हॉल प्रकारचा असतो, त्याला ओहममीटर लावू नका. त्यातून काही कळणार तर नाहीच, सेन्सर मात्र जाऊ शकतो.

तोवर गाडी चालवायची असेल तर एवढं ध्यानात ठेवा: चालती गाडी बंद पडली की स्टिअरिंग जड होतं, आणि ब्रेक बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरताच दम उरतो. ब्रेक एकदाच, ठाम दाबा. पंप करू नका. थांबेपर्यंत चावी लॉककडे फिरवू नका.

प्रश्न : मॅडम, डॅशवर एकदम तीन दिवे: चेक इंजिन, घसरत्या गाडीचं चित्र असलेला आणि चढावर धरून ठेवणाऱ्या ब्रेकचा. एबीएसचं मॉड्यूल गेलंय असं सांगितलं आहे. गाडी थोडी थडथडते.

उत्तर : ‘थोडी थडथडते’ हे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत, ते पहिलं वाक्य असायला हवं होतं. गाडी घसरायला लागली की ईएसपी, म्हणजे घसरण रोखणारी यंत्रणा (घसरत्या गाडीचं चित्र तिचंच), इंजिनची ताकद कमी करायला सांगतं. इंजिनच मिसिंग मारत असेल तर इसीएम नेटवर्कवरून कळवतो की माझ्या ताकदीच्या आकड्यांवर भरवसा ठेवू नका. ईएसपी मग स्वतःला बंद करून घेतं, आणि त्याच्यावर अवलंबून असलेला हिल-होल्डही, म्हणजे चढावर धरून ठेवणारा ब्रेक. दिवे तीन, बिघाड एक. ब्रेकच्या मॉड्यूलमधले कोड वाचून घ्या. तिथे ‘इंजिनकडून आलेली माहिती ग्राह्य नाही’ एवढंच असेल तर मॉड्यूलला हात लावू देऊ नका, मिसिंग काढा. चाकाच्या सेन्सरचा कोड असेल, आणि मुख्य म्हणजे एबीएसचा स्वतःचा दिवाही लागत असेल, तर ब्रेककडे वेगळं बघावं लागेल.

प्रश्न : कोड पी ०३०१, पी ०३०४ आणि पी ०१७१. तिसऱ्या कोडचा अर्थ पेट्रोल कमी पडतंय असा सांगितला, म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलला, इंजेक्टर साफ केले. प्लग काढले तर दोन आणि तीन नंबरचे काळेकुट्ट! पेट्रोल कमी पडतंय तर प्लग काळे कसे?

उत्तर : शंका अगदी बरोबर आहे, आणि उत्तर त्या शंकेतच आहे. ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल कळत नाही, फक्त ऑक्सिजन कळतो. ज्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही त्यातली हवा जशीच्या तशी बाहेर येते. सेन्सर म्हणतो ऑक्सिजन फार आहे, इसीएम समजतो पेट्रोल कमी आहे, आणि तो सगळ्याच सिलिंडरना पेट्रोल वाढवून देतो. जी दोन नीट पेटत होती त्यांना ते जास्त होतं आणि त्यांचे प्लग काळे पडतात. सेन्सर खरं बोलत होता. मिसिंग काढलंत की पी ०१७१ बहुतेक आपोआप जाईल. नाही गेला तरच हवेची गळती शोधा.

आता एक आणि चार ही जोडी. तुमच्या गाडीत डिस्ट्रिब्युटर (कॉइलची वीज पाळीपाळीने एकेका प्लगला वाटणारा भाग) नाही आणि चार वायरींचा एकच ठोकळा आहे असं वर्णनावरून दिसतं. त्या ठोकळ्यात दोन कॉइल असतात. एका कॉइलची दोन टोकं एक आणि चारला, दुसरीची दोन आणि तीनला. एक आणि चारचे पिस्टन एकाच वेळी वर येतात. एक पेटायच्या तयारीत, दुसरा धूर बाहेर टाकत. ठिणगी दोन्हीकडे पडते, कामाची एकच असते. म्हणून जोडी एकदम गेली की बोट त्या कॉइलकडे किंवा तिला जाणाऱ्या वायरीकडे. जोडीतला एकटाच गेला असता तर मी प्लग आणि एचटी वायर (कॉइलची वीज प्लगपर्यंत नेणारी) आधी बघितली असती. अशा कॉइलच्या दोन टोकांमधला रेझिस्टन्स सहसा काही हजार ते पंधरा हजार ओहममध्ये असतो. तुमच्याकडे तर तुलनेला बाजूलाच दुसरी जोडी आहे: दोन-तीनमध्ये जो आकडा येतो तो एक-चारमध्ये येतो का बघा. आकडा बरोबर आला म्हणून कॉइल सुटली असं मात्र नाही. मीटर दोन-चार व्होल्टवर मोजतो, कॉइलला हजारो व्होल्टवर काम करायचं असतं.

प्रश्न : पेट्रोलवर गाडी लोण्यासारखी चालते. सीएनजीवर टाकली की ओव्हरटेक करताना मिसिंग, आणि कधीकधी चेक इंजिन. किट बसवणारे म्हणतात गाडीत दोष, गाडीवाले म्हणतात किटमध्ये.

उत्तर : बहुतेक वेळा दोष प्लग-कॉइलचाच असतो आणि सीएनजी तो फक्त उघडा पाडतो. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. जी कॉइल आणि एचटी वायर पेट्रोलवर कशीबशी निभावून नेते ती गॅसवर ओझं आलं की हात टेकते. त्यात प्लग झिजून गॅप वाढलेला असेल तर बघायलाच नको. गॅप आधी मोजा. पेट्रोलला १ ते १.१ मिलिमीटर सांगितलेला असतो तिथे गॅससाठी ०.७ ते ०.८ च्या आसपास ठेवतात. तुमच्या किटच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तोच धरा. इरिडियम प्लगची गॅप गोल चकतीच्या गेजने वाकवून कमी करू नका, त्याचं मधलं टोक केसासारखं बारीक असतं, मोडतं. तसले प्लग हव्या त्या गॅपचेच घ्यावेत. हे सगळं करूनही गॅसवरच, आणि सगळ्याच सिलिंडरना मिसिंग असेल, तर मग किटचं ट्यूनिंग आणि फिल्टर.

प्रश्न : नव्वदच्या दशकातली गाडी आहे, डिस्ट्रिब्युटरची, पण इंजेक्शन असलेली. पावसाळ्यात सकाळी तीन सिलिंडरवर चालते, दिवा लागतो. इंजिन तापलं की सगळं ठीक. स्कॅनर लावायला सॉकेटच जुळत नाही.

उत्तर : अशी गाडी अजून रस्त्यावर ठेवल्याबद्दल आधी शाबासकी. सगळीकडे जुळणारं सोळा पिनांचं सॉकेट अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचं झालं, इतरत्र आणखी नंतर. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत दिवाच कोड सांगतो. सॉकेटच्या ठरावीक दोन पिना तारेने जोडायच्या, चावी चालू करायची, आणि दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. जुन्या टोयोटांमध्ये त्या टीई१ आणि ई१. पण पिना प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या, चुकीच्या दोन जोडल्या तर इसीएम जाऊ शकतो. मॅन्युअल हातात असल्याशिवाय करू नका.

तुमच्या बाबतीत मला कोडचीही गरज वाटत नाही. ओलाव्यात मिसिंग आणि इंजिन तापल्यावर मिसिंग थांबतं, म्हणजे उच्च दाबाची वीज बाहेरून पळतेय. रात्री, पूर्ण अंधारात, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा. फवाऱ्याच्या बाटलीने एचटी वायरी आणि डिस्ट्रिब्युटर कॅपच्या आसपास पाण्याचा अगदी बारीक तुषार सोडा. फुटलेली वायर असेल तर निळसर ठिणग्या हेडवर नाचताना डोळ्यांनी दिसतील, टकटक आवाजही येईल. या वेळी वायरीला हात लावायचा नाही, आणि ‘कुठला सिलिंडर मेलाय’ म्हणून चालू इंजिनवर प्लगची टोपी तर कधीच ओढायची नाही. वीस-तीस हजार व्होल्टचा दणका बसतो, आणि ठिणगीला वाट न मिळाल्याने कॉइल किंवा इग्निशन मॉड्यूलही जळू शकतं. सिलिंडर ओळखायचाच असेल तर इंजेक्टरचा कनेक्टर एकेक काढून बघा. जो काढल्यावर इंजिनच्या आवाजात काहीच फरक पडत नाही तो मेलेला.

ठिणग्या वायरीवर दिसल्या तर वायरींचा पूर्ण संच बदला. कॅपवर दिसल्या तर इंजिन बंद करून कॅप उघडा. आत दोन पितळी टोकांच्या मधे झाडाच्या फांद्यांसारखी काळी रेघ फुटलेली असेल. कधी ती बारीक तडाच असते, नखाला लागते, डोळ्याला दिसत नाही. मधला कार्बनचा खडा स्प्रिंगवर खाली-वर होतो का तेही बघा. रेघ घासून काढता येत नाही. चार दिवस बरं वाटतं आणि पहिल्या पावसाला परत. कॅप आणि रोटर दोन्ही नवे टाका. वायरी सगळ्या एकदम उपटू नका, एक काढा, नव्या कॅपवर त्याच जागी लावा, मग दुसरी. नाहीतर फायरिंग ऑर्डरच्या, म्हणजे सिलिंडर पेटायच्या क्रमाच्या शोधात दुपार जाते.

थोडक्यात : ‘दिवा आपोआप गेला, म्हणजे बिघाड गेला का?’ असं विचारणाऱ्या वाचकांना: लागोपाठ तीन फेऱ्यांत बिघाड दिसला नाही की दिवा विझतो, पण कोड बराच काळ, साधारण चाळीस वेळा इंजिन गार होऊन तापेपर्यंत, आत राहतो. वाचून घ्या.

जुनी गाडी घेताना डॅश स्वच्छ दिसला म्हणून खूश झालेल्यांना: चावी चालू करा, सेल्फ मारू नका. चेक इंजिनचा दिवा तेव्हा लागलाच पाहिजे. लागला नाही तर बल्ब गेलेला किंवा काढलेला असू शकतो. लागून मग विझला, पण स्कॅनरमध्ये ‘रेडिनेस’च्या, म्हणजे इसीएम आपणहून घेतो त्या चाचण्या अपूर्ण दाखवत असेल, तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी नुकतीच सुटली होती.

नवे प्लग टाकल्यापासून रेडिओत खरखर आणि मधूनच भलतेच दिवे लागतात, त्यांना: प्लगच्या नंबरात रेझिस्टरचं अक्षर आहे का बघा, बहुतेक कंपन्या आर लिहितात. बिनरेझिस्टरचा प्लग आजूबाजूच्या सेन्सरच्या वायरींत गोंधळ घालतो.

प्रश्न : खड्ड्यात गाडी आदळली की डॅशवरचे सगळे दिवे एकदा चमकून जातात आणि इंजिनला क्षणभर उचकी लागते. कॉइल, प्लग, सेन्सर सगळं तपासून झालं. चावी हलवली तरी कधीकधी तसंच होतं.

उत्तर : सगळे दिवे एकदम चमकतात तेव्हा एकेका सेन्सरच्या मागे लागायचं नाही, सगळ्यांना वीज जिथून जाते तिथे जायचं. बॅटरीचे टर्मिनल हाताने पिळून बघा, हलता कामा नयेत. मग अर्थिंग. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली आलं तर ठीक. अर्धा व्होल्ट, एक व्होल्ट येत असेल तर इंजिन आणि बॉडी जोडणारी वेणीदार पट्टी गंजलीय. बोल्ट काढून, घासून, परत आवळा.

हे ठीक निघालं तर इग्निशन स्विच, आणि चावी हलवल्यावर होतं म्हणता त्यावरून मी पैज तिकडेच लावीन. इंजिन चालू, गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये. चावी ‘ऑन’च्या जागेतच हलकेच खाली-वर करा. दिवे चमकले की झालं. शंका उरली तर कॉइलला येणाऱ्या पॉझिटिव्ह वायरीवर मीटर लावा. चावी चालू असताना बॅटरी आणि तिथला फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर मधले कॉन्टॅक्ट जळलेत. स्विचमागचा कनेक्टर काढून बघा, तापून तपकिरी झालेली पिन लगेच ओळखू येते.

आजपासूनच त्या चावीला लटकलेला जुडगा काढा. एकटी चावी लावा. २०१४ मध्ये जनरल मोटर्सने इग्निशन स्विचपायी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. तिथला स्विच जुडग्याच्या वजनाने किंवा धक्क्याने ‘ऑन’वरून ‘अ‍ॅक्सेसरी’वर सरकायचा, इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद आणि एअरबॅगही बंद. कंपनीच्या भरपाई निधीने त्यात १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. म्हणून ही उचकी सवयीची करून घेऊ नका, आणि स्विच होईपर्यंत वेगाच्या रस्त्यावर गाडी काढू नका.

स्विच बदलताना एक विचारा. बऱ्याच गाड्यांत चावी जाते ते कुलूप वेगळं आणि त्यामागचा विजेचा तुकडा वेगळा असतो. खराब होतो तो मागचा तुकडा. तेवढाच मिळत असेल तर कुलूप तसंच राहतं, दारांची आणि स्टिअरिंगची चावी एकच राहते, आणि इमोबिलायझरला (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) नवी चावी शिकवायची भानगडही उरत नाही. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा. स्टिअरिंगवर एअरबॅग असेल तर त्यानंतर निदान दहा मिनिटं तिथे हात घालू नका.